‘जलद मार्गावर वळवण्यात येतील’ म्हणजे माझी गाडी कुठे थांबणार?

प्रश्न असा आहे: “नोकरीसाठी नांदेडहून डोंबिवलीत आले, त्याला चार महिने झाले. रोज सीएसएमटीपर्यंत जाते. घोषणा ऐकते, मोबाइलवर सूचना वाचते, तरी नेमकं करायचं काय ते उमगत नाही. गेल्या महिन्यात रविवारी कांजूरमार्गला परीक्षा होती. मेगाब्लॉक असल्याचं वाचलं होतं. ‘धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवण्यात येतील’ हेही वाचलं होतं, म्हणून निर्धास्त होते. धीम्या गाडीत बसले आणि कांजूरमार्ग डोळ्यांसमोरून निघून गेलं. विक्रोळीला उतरून रिक्षानं मागे येईपर्यंत केंद्राचं दार बंद झालं होतं. आणि ‘तांत्रिक कारणामुळे गाड्या उशिरानं धावत आहेत’ म्हणजे किती उशीर? या सूचना वाचायच्या तरी कशा?”

तुमची परीक्षा हुकली याचं मला फार वाईट वाटलं, कारण तुम्ही सूचना वाचली होती. काळजी घेणाऱ्या माणसाची अशी फसगत व्हायला नको. मी एकतीस वर्षं उपनगरी वाहतुकीत काढली, आधी स्टेशन मास्तर म्हणून फलाटावर आणि नंतर कंट्रोलमध्ये, म्हणजे गाड्यांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षात. या सूचना तयार होताना पाहिल्या आहेत आणि माइकवरून वाचूनही दाखवल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो: मेगाब्लॉक म्हणजे कामासाठी रूळ काही तास बंद ठेवणं, आणि तुम्ही वाचलीत ती सूचना त्या रुळांबद्दल होती. रुळांचा कोणता तुकडा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या कामासाठी बंद, एवढंच लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं. तो नकाशा समोर ठेवून लिहितो. तुम्हाला मात्र हवं असतं की माझी गाडी कधी येणार आणि माझ्या स्टेशनात थांबणार का. रुळांची भाषा प्रवासाच्या भाषेत आणायचं काम प्रवाशावरच पडतं. ते अवघड नाही, पण कोणीतरी एकदा समजावून द्यावं लागतं.

तुमच्याच रविवारपासून सुरुवात करू. सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कल्याण उपनगरी गाड्यांसाठी मुख्यतः चार रूळमार्ग आहेत: धीम्यांची एक जोडी, जलदची एक जोडी. प्रत्येक जोडीत एक अप, एक डाउन. अप म्हणजे सीएसएमटीकडे जाणारा आणि डाउन म्हणजे तिथून बाहेर, कल्याणकडे जाणारा. पश्चिम रेल्वेवर हेच चर्चगेटच्या संदर्भात. तुमचं घर कुठे आहे, तुम्ही कामावर निघालात की घरी, याच्याशी अप-डाउनचा काही संबंध नाही. नवीन माणूस इथेच पहिल्यांदा चुकतो, म्हणून हे आधी पक्कं करा. डोंबिवलीहून कांजूरमार्गला जाणं हा तुमचा अप प्रवास.

आता फलाट. धीम्या जोडीला प्रत्येक स्टेशनात फलाट आहे. जलद जोडीला तसं नाही. माटुंगा ते मुलुंड या टप्प्यात शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड इथे जलद मार्गाला फलाट आहे. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर इथे नाही. त्यामुळे ‘माटुंगा–मुलुंड दरम्यान धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवण्यात येतील’ या वाक्याचा प्रवाशाच्या भाषेतला अर्थ असा: ब्लॉकच्या वेळेत विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला गाडी थांबणार नाही. बहुतेक वेळा पुढच्या ओळीत थांब्यांची यादी असते: ‘या गाड्या शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड येथे थांबतील’. ही यादी ज्या स्टेशनांवर गाडी मिळेल त्यांची आहे. जिथे मिळणार नाही त्यांची नावं बऱ्याचदा लिहिलेलीच नसतात. म्हणून यादी वाचताना आपलं स्टेशन तिच्यात आहे का ते शोधायचं. नसेल, तर ते स्टेशन त्या दिवशी बंद धरायचं. माझ्या मते, सूचनेतली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच असते आणि घाईत नेमकी हीच सुटते.

हाच न्याय दुसऱ्या टप्प्यांना लावा. सीएसएमटी ते विद्याविहार धीम्या मार्गावर ब्लॉक असेल, तर भायखळा, परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला ही स्टेशनं मिळतात. मशीद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोड मिळत नाहीत. ठाणे–कल्याण दरम्यान असेल, तर दिवा आणि डोंबिवली मिळतात. कळवा, मुंब्रा, कोपर, ठाकुर्लीवाल्यांनी दुसरी सोय पाहायची. पश्चिम रेल्वेवर ब्लॉकला जम्बो ब्लॉक म्हणतात. तिथे मुंबई सेंट्रल–माहीम पट्ट्यात धीम्या गाड्या जलदवर नेल्या की महालक्ष्मी, प्रभादेवी, माटुंगा रोड सुटतात. त्याच सूचनेत कधी कधी एक चमत्कारिक वाटणारी ओळ असते: ‘लोअर परळ आणि माहीम येथे गाडी दोनदा थांबेल’. तिथे त्या मार्गाचा फलाट गाडीच्या मानानं तोकडा आहे. आधी पुढचे डबे फलाटाला लागतात, मग गाडी थोडी पुढे सरकते आणि मागचे डबे लागतात. हे माहीत नसलं की मागच्या डब्यातला माणूस गाडी फलाटाबाहेर उभी पाहून घाबरतो आणि खाली उडी मारतो. थांबा, तुमची पाळी येणार आहे.

सुटलेल्या स्टेशनाला जायचंच असेल, तर आधी पाहा की ब्लॉक एकाच दिशेला आहे की दोन्ही. ‘डाउन धीम्या मार्गावर’ एवढंच लिहिलं असेल, तर डाउननं एक स्टेशन पुढे जाऊन अप धीम्यानं परत येता येतं. अशा उलट प्रवासाला परवानगी आहे का, हे सूचनेत पाहा किंवा तिकीट खिडकीवर विचारून घ्या. ‘अप आणि डाउन धीम्या मार्गावर’ असेल, तर जवळच्या चालू स्टेशनाला उतरून बस किंवा रिक्षा. तुमच्या बाबतीत ते स्टेशन भांडुप होतं. अप दिशेनं येताना ते आधी लागतं, विक्रोळी नंतर.

वेळेचा मुद्दा याहून फसवा आहे. मुख्य मार्गावरचा रविवारचा ब्लॉक साधारण सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५ असा असतो. लोक समजतात की ३.५५ नंतर सुटणारी गाडी नेहमीसारखी धावेल आणि ११.०५ च्या आधीची सुरक्षित. पण ही वेळ त्या रूळांच्या तुकड्याची आहे. सीएसएमटीहून माटुंग्याला पोहोचायला धीम्या गाडीला वीसेक मिनिटं लागतात. म्हणजे सीएसएमटीहून ३.४० ला निघालेली गाडी माटुंग्याला पोहोचेस्तोवर ब्लॉक संपलेला असू शकतो. उलट सकाळी कसाऱ्याहून पावणेदहाला निघालेली गाडी ब्लॉक सुरू व्हायच्या कितीतरी आधी सुटली, तरी मुलुंडला येईपर्यंत ब्लॉकमध्ये सापडते. म्हणूनच पूर्ण सूचनेत आणखी दोन वेळा दिलेल्या असतात: अमुक स्टेशनाहून अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत सुटणाऱ्या गाड्या वळवल्या जातील. ब्लॉकच्या वेळेपेक्षा या वेळा तुमच्या कामाच्या. वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटीत जागेअभावी त्या गळतात, रेल्वेच्या मूळ पत्रकात असतात. शक्य असेल तेव्हा मूळ पत्रक वाचा.

‘१५ मिनिटं उशिरानं’ असंही तिथे लिहिलेलं असतं. त्यात आणखी दहा-पंधरा मिनिटं आपणहून धरावीत. चार मार्गांची वाहतूक दोन मार्गांवर आली की एका गाडीला झालेला उशीर मागच्या सगळ्यांना लागतो. परीक्षा, मुलाखत, विमान, रुग्णालयाची वेळ असेल, तर मी घरच्यांना एक तास जास्त धरून निघायला सांगतो.

हार्बरचा, म्हणजे सीएसएमटी–पनवेल मार्गाचा, ब्लॉक वेगळा वाचावा लागतो. तिथे दोनच रूळमार्ग आहेत, वळवायला जागाच नाही. म्हणून तिथे ‘वळवण्यात येतील’ नसतं, ‘रद्द राहतील’ असतं. सीएसएमटी–चुनाभट्टी ब्लॉक असेल, तर त्या तुकड्यात गाडी नाही. पनवेल ते कुर्ला विशेष गाड्या सोडतात, त्या बहुधा कुर्ल्याच्या आठ नंबर फलाटावरून परत फिरतात. आणि शेवटी एक मोलाची ओळ असते: हार्बरच्या प्रवाशांना सकाळी १० ते संध्याकाळी ६ पर्यंत मुख्य मार्गानं आणि पश्चिम रेल्वेनं प्रवास करण्याची परवानगी. म्हणजे हार्बरचा पास किंवा तिकीट त्या वेळेत तिकडे चालतं. ही ओळ न वाचल्यामुळे लोक दुसरं तिकीट काढायला रांगेत उभे राहतात. ओळ छापलेली नसेल, तर मात्र परवानगी आहे असं गृहीत धरू नका.

दर रविवारी ब्लॉक असतोच असंही नाही. गर्दीच्या सणाला, काही मोठ्या परीक्षांच्या दिवशी तो रद्द होतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी एकदा पाहून घ्यावं. पश्चिम रेल्वे बऱ्याचदा शनिवारी रात्रीच काम उरकते आणि रविवारचा दिवस मोकळा सोडते. काही सुट्ट्यांना ‘रविवारच्या वेळापत्रकानुसार’ गाड्या धावतात. त्या दिवशी तुमची रोजची ८.१२ किंवा ९.०४ कदाचित नसतेच, आणि त्यासाठी वेगळी घोषणा होईलच असं नाही.

मोठे ब्लॉक अधूनमधून येतात, त्यांची जात वेगळी. कर्नाक पूल पाडायला नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा ब्लॉक होता. ठाण्याच्या ५ आणि ६ नंबर फलाटांच्या रुंदीकरणासाठी ३१ मे २०२४ पासून ६३ तासांचा, त्याच्याच जोडीला सीएसएमटीचे १० आणि ११ नंबरचे फलाट लांब करायला ३६ तासांचा. त्या तीन दिवसांत ९३० उपनगरी फेऱ्या रद्द होत्या. अशा वेळी गाड्या सीएसएमटीपर्यंत न जाता भायखळा, परळ, दादरहून आणि हार्बरच्या वडाळ्याहून परत फिरतात. इथे सूचना वाचताना एकच प्रश्न विचारायचा: गाडी आज कुठवर? आणि तिथून पुढे बेस्टनं जादा बस कुठून सोडल्या आहेत? अशा ब्लॉकला माझा सल्ला सोपा आहे. कचेरीत आधी सांगून घरून काम करता येत असेल, तर करा. तुम्ही घरी राहिलात की डब्यात ज्याला जावंच लागतं त्याला उभं राहायला जागा मिळते.

आता तुमचा दुसरा प्रश्न: ‘तांत्रिक कारण’ म्हणजे किती उशीर?

आधी हे समजून घ्या की पहिली घोषणा मोघम का असते. मोटरमनला दिसतो फक्त लाल सिग्नल. पुढे काय झालंय ते त्याला माहीत नसतं. तो आणि गार्ड कळवतात, कंट्रोल स्टेशनांना विचारतं, माणूस जागेवर धाडला जातो, तो पाहून सांगतो. या सगळ्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. तोवर माइकवरच्या माणसाकडे सांगायला एकच वाक्य असतं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका स्टेशनात मी ही पोकळी भरायला गेलो. लोक विचारत होते, मला त्यांचे चेहरे पाहवत नव्हते, म्हणून मी माइकवरून सांगून टाकलं की दहा मिनिटांत वाहतूक सुरू होईल. मला तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. वाहतूक पन्नास मिनिटांनी सुरू झाली. एक वयस्कर गृहस्थ पत्नीला डायलिसिसला घेऊन निघाले होते. माझ्या शब्दावर विसंबून ते फलाटावरच थांबले, नाहीतर टॅक्सी केली असती. ते मला काही बोलले नाहीत. त्यानंतर कंट्रोलनं दिल्याशिवाय मी कधीही आकडा उच्चारला नाही. तेव्हा पहिली मोघम घोषणा म्हणजे टाळाटाळ समजू नका. दुसऱ्या घोषणेची वाट पाहा. तिच्यात जागेचं आणि कारणाचं नाव येतं, आणि निर्णय त्यावर घ्यायचा.

कारण कळलं की उशिराचा अंदाज बांधता येतो. माझ्या अनुभवाचा हिशेब सांगतो, तो नियम म्हणून धरू नका.

सिग्नल यंत्रणेत बिघाड असेल, तर वाहतूक पूर्ण थांबत नाही, रांगते. स्वयंचलित सिग्नल लाल असेल, तर मोटरमननं थांबायचं, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं, आणि मग अगदी सावकाश पुढच्या सिग्नलपर्यंत जायचं, असा नियम आहे. तुमची गाडी थांबते, मिनिटभरानं गोगलगायीसारखी निघते, पुन्हा थांबते, असं चाललं असेल, तर घोषणा व्हायच्या आतच ओळखा की सिग्नलचा प्रश्न आहे. अशा वेळी गाडीतच बसून राहिलेलं बरं. उशिरा का होईना, गाडी पोहोचते.

पॉइंट फेल झाला, म्हणजे एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणारा सांधा हलेना, की माणसांना तिथे जाऊन तो हातानं बसवून कुलूपबंद करावा लागतो. खोळंबा होतो, पण सहसा तासाच्या आत वाट मोकळी होते. रुळाला तडा जाणं हे हिवाळ्याच्या पहाटेचं दुखणं. थंडीनं रूळ आकसतो आणि जोडाजवळ चिरतो. ट्रॅकमन तिथे पट्टी आवळून बांधतात आणि त्यावरून गाड्या हळू सोडतात. कसारा-कर्जतकडे त्याच दिवसांत धुकंही असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाच्या आसपास निघणाऱ्यांनी थोडा वेळ हाताशी ठेवावा.

‘रेल्वे फाटक’ हे कारण ऐकून लोक चिडतात, की फाटकामुळे लोकल कशी थांबते? फाटक पूर्ण बंद झाल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही, अशी यंत्रणा जोडलेली असते. रस्त्यावरची वाहनं फाटकात अडकली की चारही मार्गांवरच्या गाड्या उभ्या. दिव्याच्या फाटकाचं नाव त्यामुळेच आपल्या मार्गावरच्या जुन्या प्रवाशांना पाठ आहे. हा उशीर पाच-दहा मिनिटांचा, पण गर्दीच्या वेळी पुन्हा पुन्हा होणारा.

ओव्हरहेड वायर तुटली किंवा पेंटाग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, वायरीत अडकला, ही दोन कारणं कानावर आली की मी स्वतः फलाट सोडतो. त्या भागातला विजेचा पुरवठा बंद करावा लागतो, वायर दुरुस्त करणारी टॉवर वॅगन तिथवर न्यावी लागते, आणि ती न्यायच्या वाटेवर आधीच गाड्या उभ्या असतात. यात दोन-तीन तास सहज जातात. त्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तुटून लोंबणाऱ्या तारेपासून लांब राहा, वीज बंद केली आहे असं कोणी सांगितलं तरीही.

मालगाडीचं किंवा मेल-एक्स्प्रेसचं इंजिन बंद पडलं, तर दुसरं इंजिन कुठून येतंय यावर सगळं अवलंबून. इथे तुमची दिशा आणि मार्ग पाहा. डाउन जलदवर इंजिन पडलं असेल आणि तुम्ही अप धीम्यानं जाणार असाल, तर तुमच्यावर थेट परिणाम नाही. ‘मध्य रेल्वे ठप्प’ असा मथळा वाचून तुम्ही घरी बसाल, आणि शेजारीण नेहमीच्या गाडीनं गेलेली असेल.

उशिराचे आकडे ऐकतानाही एक कसब आहे. समजा सगळ्या गाड्या वीस मिनिटं उशिरा आहेत आणि एकही रद्द नाही. तुमची ८.१४ येणार ८.३४ ला, पण ७.५४ ची येणार ८.१४ ला. फलाटावर तुम्हाला फारसं काहीच सोसावं लागत नाही, जी येईल तिच्यात बसायचं. खरा त्रास होतो तो दोन गाड्यांमधलं अंतर वाढल्यावर. म्हणून ‘उशिरानं’पेक्षा ‘रद्द’ या शब्दाकडे कान द्या. एक जलद रद्द झाली की पुढच्या जलदला दोन गाड्यांची माणसं असतात. त्या वेळी मागून येणारी धीमी पकडावी. शिवाय दर घोषणेत आकडा वाढतोय का ते पाहा. दहा, मग पंधरा, मग पंचवीस, असं चाललं असेल, तर मूळ अडचण सुटलेली नाही.

खोळंब्यानंतरची पहिली गाडी सोडून द्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. अडकलेल्या गाड्या एकामागोमाग एक येतात, त्याला आमच्यात बंचिंग म्हणत. पहिलीत पाय ठेवायला जागा नसते, तिच्या मागे तीन-चार मिनिटांवर दुसरी असते, तिसरीत तर बसायलाही मिळतं. हात दांडीला नीट पोहोचत नसेल, तर त्या गाडीत चढू नका. साहेबाचं बोलणं खाऊन माणूस घरी परत येतो.

‘वाहतूक पूर्ववत’ ही घोषणा रूळ मोकळे झाल्याची असते. गाड्या अजून भलत्याच ठिकाणी असतात. एकच रेक, म्हणजे डब्यांचा एक पूर्ण संच, दिवसभर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात-येत असतो. सकाळी नऊला तो तासभर अडकला, तर त्याच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या सरकतात, मोटरमनचे कामाचे तास संपत येतात, आणि संध्याकाळी सहाची तुमची गाडी रद्द होते किंवा ‘ही गाडी आज ठाण्यापर्यंतच जाईल’ असं सांगितलं जातं. सकाळी मोठा बिघाड झाला असेल, तर संध्याकाळी निघण्यापूर्वी पुन्हा एकदा सूचना पाहा.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे लोकल बंद, असं नसतं. ते रंग जिल्ह्यासाठी आणि साधारण दिवसभराच्या अंदाजासाठी असतात. लोकलच्या दृष्टीनं दोन गोष्टी जुळतात का ते पाहायचं: जोराचा पाऊस आणि त्याच वेळी समुद्राची मोठी भरती. साडेचार मीटरच्या पुढची भरती असेल, तर शहरातलं पाणी समुद्रात जायला वाट उरत नाही. भरतीच्या वेळा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. मिठी नदीच्या आजूबाजूचा कुर्ला–शीव टप्पा आणि हार्बरवरचं चुनाभट्टी इथे पाणी लवकर चढतं, तिकडे नालासोपारा-वसईला. याचा उपयोग असा: घोषणा ‘कुर्ला–शीव दरम्यान रुळांवर पाणी’ अशी असेल, तर ठाणे–कल्याण आणि ठाणे–वाशी बहुधा चालू असतं, कंट्रोल तेवढ्या तुकड्यात गाड्या फिरवत ठेवतं. तुम्ही सीएसएमटीला असाल, तर ‘लोकल बंद’ ऐकून हताश होऊ नका. ठाण्यापर्यंत कसं पोहोचता येईल एवढाच प्रश्न उरतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाहिलेलं मी विसरलो नाही. पाण्यातून चालत निघालेल्या माणसांना पायाखाली गटार आहे की रस्ता हे कळत नव्हतं. उंच जागी, उजेडात, माणसांत थांबलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी पोहोचतो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान पुरात अडकली होती. गाडीतच थांबण्याची विनंती रेल्वेनं केली, आणि सुमारे १०५० प्रवासी नावांमधून सुखरूप बाहेर आले. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की लोक कंटाळून खाली उतरतात. शेजारच्या रुळावर गाडी येत नाही असं कोणीही सांगू शकत नाही. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात आगीच्या अफवेनं पुष्पक एक्स्प्रेसमधून लोक उतरले आणि शेजारच्या रुळावर आलेल्या गाडीखाली सापडले. गार्ड किंवा रेल्वे पोलीस येऊन उतरवत नाहीत तोवर उतरू नका. हे मी हात जोडून सांगतो.

बातमी कोणाची मानायची? ब्लॉकसाठी रेल्वेचं मूळ पत्रक आणि विभागाचं एक्सवरचं अधिकृत खातं. अचानक बिघाडासाठी मात्र सहप्रवासी रेल्वेच्या आधी सांगतात. एम-इंडिकेटर या मोबाइल अॅपवरच्या गप्पांमध्ये ‘सगळं बंद पडलंय’ लिहिणाऱ्याला सोडून द्या. ‘८.४१ बदलापूर जलद, कळव्याच्या अलीकडे दहा मिनिटं उभी’ असं लिहिणाऱ्याला माना. त्यात गाडी, जागा आणि वेळ आहे. असे तीन वेगवेगळे निरोप एकाच टप्प्याबद्दल आले, की ते खरं समजावं. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या निरोपाची तारीख पाहा. दर पावसाळ्यात जुने व्हिडिओ नव्यानं फिरतात.

फलाटावरच्या इंडिकेटरची एक खोच तुमच्या मार्गाची आहे. गाडीचं ठिकाण अक्षरात दाखवतात: कल्याणला के, कसाऱ्याला एन, कर्जतला एस. पण एस हे अक्षर धीम्या गाडीसाठीही येतं. ठिकाणाच्या जागी एस असेल तर कर्जत, आणि गाडीच्या प्रकाराच्या जागी असेल तर धीमी. गाड्या विस्कळीत असताना इंडिकेटर मागे पडतो किंवा ऐन वेळी बदलतो, तेव्हा कानावर विसंबा, आणि गाडीवरची पाटी डोळ्यांनी वाचूनच चढा. फलाट बदलल्याची घोषणा झाली तर पुलावरूनच जा. गाडी चुकली तरी चालेल.

मुख्य मार्ग पूर्ण बंद पडला, तर तुमच्यासाठी दुसऱ्या वाटा अशा आहेत. घाटकोपरपर्यंत गाडी मिळत असेल, तर तिथून मेट्रो १ नं मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याहून मेट्रो ३ नं थेट सीएसएमटी. ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आहे, आणि दोन्ही मेट्रोंची अदलाबदल मरोळला होते. ठाण्याच्या पुढेच काही नसेल, तर ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्सहार्बर मार्गाच्या गाडीनं वाशी आणि वाशीहून हार्बर, अर्थात हार्बर चालू असेल तर. दादरपर्यंत आलात आणि पुढे अडलं, तर पुलावरून पश्चिमेला जाऊन चर्चगेटची गाडी. लोकलचा पास मेट्रोत चालत नाही, म्हणून पाकिटात थोडे सुटे पैसे आणि फोनमध्ये चार्ज ठेवा. या वाटा शांत दिवशी एकदा चालून पाहा. गोंधळाच्या दिवशी नवीन स्टेशनात जिना शोधायला फार वेळ जातो.

आता पुढच्या परीक्षेचं. केंद्र पुन्हा कांजूरमार्गच आलं आणि दिवस रविवार असेल, तर शनिवारी रात्री पत्रक पाहा. ब्लॉक माटुंगा–मुलुंड धीम्या मार्गावर असेल, तर भांडुपला उतरायचं आणि रिक्षा करायची. ब्लॉक जलद मार्गावर असेल, तर उलट घडतं. जलद गाड्या धीम्या मार्गावर येतात, तुमची धीमी कांजूरमार्गला थांबते, फक्त उशिरा पोहोचते. तुमचा पेपर सकाळी दहाचा असेल, तर ११ नंतरच्या ब्लॉकचा जाताना तुमच्याशी संबंधच येत नाही. येताना येईल. तेव्हा ब्लॉक धीम्या मार्गावर असेल, तर कांजूरमार्ग स्टेशनात जाऊन बसू नका, तिथे गाडी थांबणारच नाही. सरळ भांडुपला रिक्षा करा.